सूरा ९:५ आणि ५:३२ : फॉरवर्डच्या मागेपुढे काय आहे?

मासुंदा (धागाकर्ता)

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. पाणी, पार्किंग आणि लिफ्टची भांडणं संपली की सोसायटीच्या ग्रुपवर धर्म सुरू होतो. परवा एकाने कुराणातल्या सूरा ९ ची ५वी आयत टाकली : मूर्तिपूजक सापडतील तिथे त्यांना मारा. त्यावर दुसऱ्याने ५:३२ टाकली : एका माणसाला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं. मग दोन्हीकडून अंगठे आणि लाल चेहरे.

मी मराठी अनुवाद काढून दोन्हींच्या मागेपुढे वाचलं. कात्री दोघांनीही चालवली आहे. ९:५ वाल्याने चौथी आणि सहावी आयत गाळली. चौथीत म्हटलंय की ज्या मूर्तिपूजकांनी तुमच्याशी केलेला करार पाळला, तुमच्याविरुद्ध कोणाला मदत केली नाही, त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळा. सहावीत तर त्यांच्यातला कोणी आश्रय मागत आला तर तो द्या, आणि नंतर त्याला सुरक्षित जागी पोहोचवा, असं आहे. ५:३२ वाल्याने अपवाद गाळला (खुनाबद्दल किंवा देशात उत्पात माजवल्याबद्दल सोडून), हे इस्रायलच्या संततीला सांगितलेलं आहे हेही गाळलं, आणि लगेच ५:३३ मध्ये उत्पात माजवणाऱ्यांना सुळावर द्या, हातपाय तोडा अशा शिक्षा आहेत, त्याकडे पाहिलंच नाही.

प्रश्न साधा आहे. युद्ध कधी करायचं, कधी थांबवायचं, स्वतःचा बचाव कुठपर्यंत करायचा, याबद्दल इस्लामी परंपरेत नेमकं काय म्हटलंय? ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा. जिहाद शब्दाच्या मूळ अर्थावर निबंध नकोत, ते भरपूर वाचून झालेत. आणि राजकीय पक्ष तर अजिबात नकोत.

खाडीवारा

पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मासुंदा

बसा. पण जागा अडवू नका.

कौसेकर

मी मुंब्र्याजवळच्या कौशाचा, ठाणे कोर्टात वकिली करतो. मौलवी नाही, त्यामुळे फतवा समजू नये. पण लहानपणी मदरशात आणि नंतर हौसेने बरंच वाचलंय.

आधी काळाचा क्रम बघा. मक्केत पैगंबरांची साधारण १३ वर्षं गेली. त्या काळात हत्यार उचलायची परवानगी नव्हती. बिलाल यांना तापल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवले, सुमय्या यांना ठार मारलं, काही कुटुंबं समुद्र ओलांडून हबशा देशातल्या (इथिओपिया) ख्रिश्चन राजाच्या आश्रयाला गेली. तरी उत्तर दिलं गेलं नाही. ६२२ मध्ये मदिनेला स्थलांतर झालं आणि त्यानंतर परवानगी आली. ती २२:३९, बहुतेक भाष्यकार हीच लढाईची पहिली आयत मानतात. शब्द आज्ञेचे नाहीत, परवानगीचे आहेत : ज्यांच्याविरुद्ध युद्ध चालवलं जातंय त्यांना मुभा दिली आहे, कारण त्यांच्यावर जुलूम झाला. पुढची आयत कारण देते. लोकांना एकमेकांकरवी आवरलं नसतं तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी उद्ध्वस्त झाल्या असत्या. यादीत मशीद शेवटी आहे, हे मला कायम लक्षणीय वाटतं.

नंतर २:१९०. जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका. २:१९१ मध्येही 'सापडतील तिथे मारा' आहेच, पण लगेच जोडलंय की जिथून त्यांनी तुम्हाला हाकललं तिथून तुम्ही त्यांना हाकला. म्हणजे समोर एक विशिष्ट शत्रू आहे. आणि ते थांबले तर तुम्हीही थांबा.

पण वकील म्हणून मला या सगळ्याचा कणा वेगळाच दिसतो. तो म्हणजे करार. तलवारीची आयत आणि शांततेची आयत यांच्या कुस्तीत कराराबद्दल कोणी बोलतच नाही.

६२८ चा हुदैबियाचा तह घ्या. मक्केच्या वेशीवरून मुसलमानांना यात्रा न करता परत पाठवलं. तह लिहिताना मक्केकडच्या सुहैलने 'अल्लाहचा प्रेषित' हे शब्द खोडायला लावले. पैगंबरांनी ते खोडले. मक्केहून पळून मदिनेला आलेला माणूस परत द्यायचा, उलट मदिनेहून मक्केला गेलेला परत मागायचा नाही, अशी अट. ती लिहिली जात असतानाच सुहैलचाच मुलगा अबू जंदल पायांत बेड्या घेऊन आश्रयाला आला आणि त्याला परत पाठवावं लागलं. पैगंबरांचे सहकारी उमर संतापले. तरी दहा वर्षांची युद्धबंदी मान्य झाली. दोन वर्षांत मक्केच्या दोस्त टोळीने मुसलमानांच्या दोस्त टोळीवर हल्ला करून ती मोडली. ६३० मध्ये मक्का पडली तेव्हा सर्वसाधारण माफी दिली गेली, आज तुमच्यावर काही ठपका नाही, असं म्हणून.

त्याहून लहान, पण मला जास्त आवडणारी गोष्ट हुजैफा यांची. बद्रच्या लढाईआधी (६२४) ते आणि त्यांचे वडील मदिनेकडे निघाले असताना मक्केवाल्यांच्या हाती सापडले. 'तुमच्याविरुद्ध लढणार नाही' असं वचन घेऊन त्यांना सोडलं. बद्रला मुसलमान तीनशेच्या आसपास, समोर तिप्पट. एकेक माणूस मोलाचा. पैगंबरांनी दोघांना सांगितलं, दिलेलं वचन पाळा, परत जा. हे सहीह मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या उक्ती आणि आठवणींच्या) संग्रहात आहे. वचन शत्रूला दिलेलं आणि धाकाखाली घेतलेलं, तरीही.

आणि ८:७२ प्रत्येकाने एकदा तरी वाचावी. दुसरीकडच्या मुसलमानांनी धर्माच्या नावाने मदत मागितली तर करा, पण ज्यांच्याशी तुमचा करार आहे अशा लोकांविरुद्ध नाही. देवबंदच्या मौलाना हुसेन अहमद मदनींनी १९३८ मध्ये संमिश्र राष्ट्रवादाची बाजू मांडताना मदिनेच्या सनदेचा आधार घेतला होता, तो याच धाटणीचा. मुसलमान आणि यहुदी टोळ्या एका लेखी बांधिलकीत एकत्र. मी तर म्हणतो, इथल्या मुसलमानासाठी राज्यघटना हाच तो लेखी करार.

स्पष्टवक्ता

कौसेकर, छान लिहिलंय. पण हे बचावपक्षाचं वकीलपत्र झालं. माझे तीन मुद्दे.

७११ साली मुस्लिम सेनापती मुहम्मद बिन कासिम सिंधमध्ये होता आणि त्याच वर्षी दुसरा सेनापती तारिक स्पेनमध्ये. मदिनेपासून इतक्या लांब कसला स्वसंरक्षण?

दुसरं, बनू कुरैझा. ६२७ मध्ये मदिनेतल्या या यहुदी टोळीचे पुरुष शरण आल्यावर मारले, बायकामुलं गुलाम केली. हे मुसलमानांच्याच जुन्या चरित्रग्रंथांत आहे, कोणा शत्रूने लिहिलेलं नाही.

तिसरं, जुन्या फकीहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) चढाईच्या युद्धाला समाजाचं सामूहिक कर्तव्य म्हटलंय की नाही? हो किंवा नाही. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते परंपरेची चिकित्सा व्हावी म्हणून. तुम्ही तिची इस्त्री करताय.

गावदेवी

'कसला स्वसंरक्षण' नाही, 'कसलं'. बाकी वाचतेय.

नसीम_नेरूळ

इतिहास शिकवते म्हणून मधे पडते. स्पष्टवक्तांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो. म्हटलंय. आठव्या-नवव्या शतकातल्या फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) ग्रंथांत जग इस्लामच्या प्रदेशात आणि युद्धाच्या प्रदेशात विभागलेलं आहे आणि खलिफाने अधूनमधून मोहीम काढणं हे कर्तव्य मानलं आहे. ज्यांना इस्लाममध्ये फक्त बचावात्मक युद्ध आहे असं म्हणायचंय त्यांनी हे ग्रंथ उघडून तरी बघावेत. ते ग्रंथ लिहिले गेले एका साम्राज्यात, जिथे शेजारचं बायझंटाइन साम्राज्यही सीमेपलीकडे चढाया करत होतं. हा त्यामागचा इतिहास, त्याचं समर्थन नव्हे.

पण त्या ग्रंथांच्या आतही भांडण आहे, आणि ते मला जास्त रंजक वाटतं. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा यांचे शिष्य शैबानी (मृत्यू ८०५) यांनी राज्याराज्यांतले संबंध, तह, दूतांची सुरक्षितता, कैदी, लूट यावर स्वतंत्र लिखाण केलं. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक मानल्या जाणाऱ्या ह्यूगो ग्रोशियसच्या आठशे वर्षं आधी. हनफी युक्तिवाद असा : बाई, मूल, म्हातारा, आंधळा, मठातला साधू यांना युद्धात मारायला मनाई आहे. हे सगळे गैरमुस्लिमच आहेत. म्हणजे मारण्याचं कारण त्यांचा अविश्वास असूच शकत नाही, कारण असतं ते त्यांचं लढणं. शाफई या दुसऱ्या पंथाच्या इमामांच्या (मृत्यू ८२०) नावावर असलेलं मत उलट आहे, ते अविश्वासालाच कारण मानतात. चौदाव्या शतकातल्या ज्या इब्न तैमियांचं नाव अतिरेकी सारखं घेतात, ते या मुद्द्यावर पहिल्या बाजूला आहेत : जो लढत नाही त्याला मारू नये. विसाव्या शतकात अल अझहरचे प्रमुख शलतूत यांनी हाच धागा पुढे नेऊन म्हटलं की निव्वळ अविश्वासासाठी युद्ध कुराणात कुठेच नाही.

आता गंमत बघा. मुंब्र्यात ९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून जे लोक आले त्यांत बरेचसे उत्तरेकडचे, म्हणजे हनफी. पण कौसेकरांसारखे मूळचे कोकणी मुसलमान, तळोजा-पनवेलपासून रत्नागिरीपर्यंत, शाफई आहेत. म्हणजे कागदावर पाहिलं तर कडक मत यांच्या इमामाचं! आणि प्रत्यक्षात हेच लोक शेकडो वर्षं या किनाऱ्यावर हिंदू राजे, हिंदू शेजारी यांच्यासोबत होड्या चालवत, भात लावत राहिले. कारण त्याच शाफई परंपरेत तहाचा प्रदेश असा तिसरा कप्पा आहे. कौसेकर कराराला कणा म्हणतात तो इथे उपयोगी पडतो.

बनू कुरैझाबद्दल. मला यावर सारवासारव करायची नाही. मक्केच्या फौजेने मदिनेला घातलेल्या, खंदकाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेढ्यात त्यांनी करार मोडून वेढा घालणाऱ्यांशी संधान बांधलं हा आरोप, त्यांच्याच जुन्या मित्रटोळीचे साद बिन मुआझ हे लवाद, आणि त्यांनी दिलेला तो निवाडा. मारल्या गेलेल्यांचे आकडे चारशेपासून नऊशेपर्यंत दिले आहेत, काही आधुनिक अभ्यासकांना हे आकडेच शंकास्पद वाटतात. आजच्या कोणत्याही कायद्यात याला सामूहिक शिक्षा म्हणतील. मीही तेच म्हणते. कैद्यांबद्दल ४७:४ मध्ये दोनच वाटा आहेत, उपकार म्हणून सोडा किंवा मोबदला घेऊन सोडा. तरी बहुसंख्य फकीहांनी राज्यकर्त्याला कैदी ठार मारायचाही अधिकार दिलाच. हे दोन्ही एकाच परंपरेत आहे.

आणि ७११? ते राज्यविस्तारच होते. त्याला धर्मसंरक्षण म्हणायची गरज ना मला आहे ना कौसेकरांना, असं धरून चालते.

कौसेकर

धरून चाला, मॅडम. सिंधच्या बाबतीत मी कोणाचं वकीलपत्र घेतलेलं नाही.

स्पष्टवक्ता

नसीमताई, इतकं सरळ उत्तर या विषयावर पहिल्यांदाच वाचलं. आता भांडायला मजा येईल.

संपादक

एक प्रतिसाद उडवला आहे. फॉरवर्ड इथे चिकटवू नयेत, धागाच त्यावर आहे.

लुईसवाडी

मोठमोठ्या लढाया ठीक. रात्री घरात चोर शिरला, हातात सुरा, तर इस्लामी शास्त्र काय म्हणतं? गाल पुढे करायचा की डोकं फोडायचं?

कौसेकर

माझ्या धंद्यातला प्रश्न विचारलात!

हदीस आहे. एकाने विचारलं, कोणी माझा माल हिसकायला आला तर? देऊ नको. तो लढला तर? तूही लढ. मी मेलो तर? तू शहीद. तो मेला तर? तो नरकात. दुसऱ्या एका हदीसमध्ये माल, जीव, धर्म आणि कुटुंब या चारही गोष्टी वाचवताना मेलेल्याला शहीद म्हटलंय.

पण फकीहांनी याला पायऱ्या बांधल्या आहेत. ओरडून भागत असेल तर हात उचलायचा नाही. हाताने भागत असेल तर काठी नाही. काठीने भागत असेल तर तलवार नाही. पळून जाता येत असेल तर तेही विचारात घ्या. हल्लेखोर पळत सुटला की तुमचा हक्क संपला, मागे धावून मारलंत तर तो खून. आता भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ काढा, जुन्या दंडविधानातली ९६ ते १०६. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. चौकट बरीचशी तीच आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याबाबत आपला कायदा मात्र घरमालकाला बराच मोकळा हात देतो.

एक बारकावा. फक्त स्वतःच्या जिवावर बेतलं असेल तर काही शाफई फकीह म्हणतात की प्रतिकार न करणंही चालेल. आधार आदमच्या मुलाचा : 'तू मला मारायला हात उचललास तरी मी तुझ्यावर उचलणार नाही' (५:२८). आणि खलिफा उस्मान. ६५६ मध्ये बंडखोरांनी घराला वेढा घातला तेव्हा त्यांनी रक्षण करायला आलेल्यांना तलवारी म्यान करायला लावल्या आणि स्वतः मारले गेले. पण बायकोमुलांवर हल्ला झाला तर ही सूट नाही, तिथे लढणं भाग आहे.

लुईसवाडी

म्हणजे आधी ओरडायचं. आमच्या वॉचमनला हे जमतं, बाकी काही जमत नाही.

कळवेकरीण

प्रतिकार न करण्यावरून बादशहा खान (खान अब्दुल गफार खान) आठवले. पठाण, म्हणजे ज्यांच्याकडे बदल्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालते अशा लोकांत त्यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार ही अहिंसक संघटना उभी केली. भरती होताना बदला घेणार नाही अशी शपथ. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात ब्रिटिशांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. ही अहिंसा गांधींकडून उसनी घेतली होती असं म्हणतात, पण खान स्वतः तिचा आधार पैगंबरांच्या मक्केतल्या सब्रमध्ये (धीरात) शोधत. १९८७ मध्ये आपण त्यांना भारतरत्न दिलं आणि नंतर विसरलो.

स्पष्टवक्ता

बादशहा खान अपवाद. आपल्या ठाणे जिल्ह्यातलं बोलूया. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला जाऊन आयसिसला मिळाले. शिकलेली मुलं होती. त्यांनाही आयतीच दाखवल्या गेल्या असणार ना? मग तुमचा करार कुठे गेला?

कौसेकर

आयती दाखवल्या असणार. ८:७२ दाखवली नसणार.

हे हलक्याने घेत नाही. त्या बातम्या आल्या तेव्हा आमच्याकडे घराघरात मुलांचे मोबाइल तपासले जात होते. पण शास्त्राच्या अंगाने बघा. एक माणूस पैगंबरांकडे लढाईला जायची परवानगी मागायला आला. विचारलं, आईवडील आहेत? म्हणाला, हो. मग त्यांच्यासाठीच झट. ही हदीस बुखारीच्या संग्रहात आहे. इथे मुलं घरच्यांच्या परवानगीशिवाय गेली. युद्ध पुकारायचा अधिकार राज्यकर्त्याचा, इंटरनेटवरच्या कोणाचा नव्हे. आणि ज्या देशात तुम्ही सुरक्षिततेची हमी घेऊन राहता त्याच्याशी दगा हराम, यावर चारही मझहब (हनफी, शाफई यांसारखे शास्त्रपंथ) एक आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जगभरातल्या शंभराहून अधिक आलिमांनी (धर्मपंडितांनी) आयसिसच्या बगदादीला खुलं पत्र लिहिलं, त्यात दूत, पत्रकार, मदतकार्य करणारे यांना मारणं कसं निषिद्ध आहे ते त्याच्याच ग्रंथांतून दाखवलं. देवबंदने तर २००८ च्या फेब्रुवारीतच मोठी परिषद घेऊन दहशतवाद इस्लामबाह्य ठरवला होता.

स्पष्टवक्ता

पत्रं आणि परिषदा. ज्याला मारायचंय तो पत्र वाचत नाही.

नसीम_नेरूळ

खरंय. पत्र त्याच्यासाठी नसतंच. त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलासाठी असतं.

आणि पत्राखेरीज कृतीही झाली आहे. २६/११ नंतर मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. मृतदेह शवागारात वर्षभराहून जास्त पडून होते, शेवटी सरकारने २०१० मध्ये गुपचूप पुरले. त्या वेळी अनेकांना तो भावनेच्या भरातला निर्णय वाटला. पण हनफी ग्रंथांत एक जुना नियम आहे : लढताना मारल्या गेलेल्या वाटमाऱ्यांची जनाज्याची नमाज पढू नये, इतरांना जरब बसावी म्हणून. वाटमारी करणारे म्हणजे तेच ५:३३ मधले उत्पात माजवणारे. म्हणजे मासुंदांच्या सोसायटीत ५:३२ टाकणाऱ्याने जी आयत गाळली, तीच दहशतवाद्यांवर सगळ्यात कडक पडते. गाळायला नको होती.

मासुंदा

हे ध्यानात आलं नव्हतं. मी ५:३३ नुसतीच क्रूर म्हणून बाजूला ठेवली होती.

नसीम_नेरूळ

शिक्षा क्रूर आहेच. मी फक्त रोख कुणाकडे आहे ते सांगितलं.

गावदेवी

अवांतर : पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने अब्दालीशी लढला, पकडला गेला आणि हाल करून मारला गेला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. यांनी कुठली आयत वाचली होती?

स्पष्टवक्ता

खाल्ल्या मिठाला जागले. त्याला फिकह लागत नाही.

कौसेकर

गारद्याने पगार घेऊन शब्द दिला होता. 'केलेले करार पूर्ण करा', सूरा पाचची पहिलीच ओळ आहे. तुम्ही मीठ म्हणा, मी करार म्हणतो.

स्पष्टवक्ता

बरं, शेवटचं. समोरचा करार मोडणार अशी नुसती शंका आहे. पुरावा नाही. मग? बहाणा काढून आधीच हल्ला करायला ही मोठी फट आहे. सगळी साम्राज्यं याच फटीतून आत शिरतात.

कौसेकर

८:५८. दग्याची भीती वाटत असेल तर करार उघडपणे त्यांच्याकडे परत फेका, म्हणजे करार संपला हे दोन्ही बाजूंना सारखंच माहीत असेल. कळवल्याशिवाय हल्ला नाही. आणि लगेच ८:६१, ते शांततेकडे झुकले तर तुम्हीही झुका. त्यांचा इरादा फसवायचा असला तरी त्याची काळजी अल्लाहवर सोडा, असं ८:६२ म्हणते. मला विचाराल तर हे राज्यकर्त्याला पाळायला ९:५ पेक्षा फार अवघड आहे.

स्पष्टवक्ता

अवघड आहे ते दिसतंय. पाळलं कोणी?

नसीम_नेरूळ

एक नोंद आहे, अबू दाऊद आणि तिर्मिझी या दोघांच्या हदीससंग्रहांत. खलिफा मुआविया आणि रोमन (म्हणजे बायझंटाइन) यांच्यात तह होता. मुदत संपत आली तसे मुआविया फौज घेऊन त्यांच्या मुलुखाकडे सरकायला लागले, बेत असा की मुदत संपल्या क्षणी हल्ला. मागून एक घोडेस्वार ओरडत आला : वचन पाळा, दगा नको. तो पैगंबरांचा सहकारी अम्र बिन अबसा होता. त्याने हदीस सांगितली की करार असताना गाठ सोडूही नये, आवळूही नये, मुदत संपेपर्यंत किंवा उघड कळवेपर्यंत. मुआविया फौज घेऊन परत फिरले.

स्पष्टवक्ता

म्हणजे फौज निघाली होतीच.

नसीम_नेरूळ

निघाली होती. आणि मुदत संपल्यावर पुन्हा गेली नसेल, असं मी म्हणणार नाही.